‘मी जातो’ म्हणणारी मुलगी

मार्चमधल्या एका रविवारी मी दहा वर्षांच्या एका मुलीच्या पेपरवर लाल पेनानं पाच गोल केले. विषय नेहमीचाच होता, ‘माझी दिनचर्या’. तिनं लिहिलं होतं: ‘मी सकाळी सात वाजता उठतो. मी दात घासतो. मी दूध पितो. आई ऑफिसला जाते. मी बसने शाळेत जातो. संध्याकाळी मी सायकल चालवतो.’ उठतो, घासतो, पितो, जातो, चालवतो. पाचही गोलांशेजारी मी ‘-ते’ लिहिलं आणि खाली शेरा मारला, ‘छान! पण तू मुलगी आहेस ना?’ शेऱ्यापुढे हसरा चेहराही काढला. आता तो चेहराच मला जास्त टोचतो.

प्रकरण सगळं त्या पेपरचं आहे. मुलीच्या आईनं वाचून ‘लिहा’ म्हटलं म्हणून लिहिते आहे. नावं मात्र कुणाचीच देत नाही.

वर्गाबद्दल थोडं सांगते. मध्य न्यूजर्सीत एका चर्चच्या तळघरातल्या दोन खोल्या आम्ही रविवारी दहा ते बारा भाड्यानं घेतो. शिकवणारे सगळे पालक. कुणी डेटाबेसवाले, कुणी फार्मसीतले, मी स्वतः हिशेबनीस. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली उभं राहिलं. त्याच्या छत्राखाली आज गावोगावी मराठी शाळा आहेत, त्यांना अभ्यासक्रम आणि परीक्षाही आहेत. आमचं काम त्या मानानं घरगुती. पुस्तकं पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून येतात, आणि वर्ग सुटल्यावर थर्मासातला चहा पीत पालक घरांच्या किमतींवर बोलत उभे राहतात.

मुलांच्या चुका आता मला पाठ झाल्या आहेत. ‘मी भूक आहे’ म्हणतात, कारण डोक्यात इंग्रजी चालू असतं. ‘ती टेबल’, ‘माझा पुस्तक’. ‘ळ’चा ‘ल’ होतो, त्यामुळे बाळ आणि बाल सारखेच. एकोणसत्तर म्हणजे साठात की सत्तरात, यावर दर वर्षी एक तास जातो, आणि ‘पावणेसहा’ म्हणजे सहा वाजायच्या आत की नंतर यावर दुसरा. मुलीनं ‘मी जातो’ म्हणणं हीसुद्धा याच पोत्यातली चूक, असं मी धरून चालले होते. घरात बाबा मराठी बोलत असतील, त्यांचं ऐकून आलं असेल. अशी मुलं खरंच असतात.

या मुलीच्या घरी मात्र बाबा गुजराती. मराठी होती ती आईची आणि आजीची, म्हणजे आईच्या आईची. आजी गडहिंग्लज तालुक्यातली. मुलगी जन्मली तेव्हा आजी सहा महिने येऊन राहिली, पुढे दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. मधल्या काळात दर शनिवारी रात्री, म्हणजे तिकडच्या रविवारी सकाळी, व्हिडिओ कॉल. मुलीला जी मराठी येत होती, त्यातली बहुतेक या कॉलांवर आलेली. हे सगळं मला नंतर कळलं. प्रवेशाच्या फॉर्मवर आम्ही ‘घरात मराठी बोलता का?’ विचारतो आणि पुढे ‘हो/नाही’चे दोन चौकोन असतात. कोण बोलतं, कुठली बोलतं, यासाठी जागाच नाही.

पेपर मी वर्गात मोठ्यानं तपासून घेतले, हीसुद्धा माझीच करणी. एका मुलानं लगेच इंग्रजीत विचारलं, ‘‘तू मुलगा आहेस का?’’ आणि बाकीचे हसले. मीही थोडी हसले असेन, नाही, हसलेच. मुलगी काही बोलली नाही. पेपर घडी करून जॅकेटच्या खिशात घातला.

पुढच्या शनिवारच्या कॉलवर आजी सवयीनं म्हणाली, ‘‘थांब गं, मी चहा घेऊन आलो.’’ आणि नातीनं तिला सुधारलं. आलो नाही म्हणायचं, आले म्हणायचं. टीचर म्हणाल्या, आपण मुलासारखं बोलतो. आईनं हे स्वयंपाकघरातून ऐकलं. आजी हसली, ‘‘बरं बाई, आले,’’ म्हणाली आणि कॉल पुढे सुरू राहिला.

त्यापुढचे तीन शनिवार कॉल चार-पाच मिनिटांत संपू लागले. ‘‘जेवलीस? अभ्यास कर. आईकडे दे.’’ आईला वाटलं तब्येत बरी नसेल. बीपी, शुगर सगळं विचारून झालं. चौथ्या आठवड्यात आजीनं स्वतःच सांगितलं, ‘‘अगं, ती शाळेत शिकतीया. माझ्याशी बोलून तिचं बिघडंल.’’

तेव्हा आई माझ्याकडे आली. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. गाडीला टेकून तिनं सगळं सावकाश सांगितलं आणि मग म्हणाली, ‘‘ताई, मीसुद्धा तसंच बोलायचे. इंजिनिअरिंगला पुण्यात आले, होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ‘मी आलो’ म्हणाले, आणि मजल्यावरच्या पोरींनी वर्षभर मला ‘अहो आलो’ अशी हाक मारली. सहा महिन्यांत सोडलं मी. आईशी बोलतानासुद्धा आता येत नाही तसं. माझ्या पोरीत ते कुठून आलं, बघा.’’

मी पुण्यातच वाढले. ‘मी जाते’ हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, त्यामुळे ते कुणाला विसरायलाही लागत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन पेपर पुन्हा पाहिला (फोटो होता माझ्याकडे), आणि जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं ते दिसलं. ‘आई ऑफिसला जाते.’ हे वाक्य मी तपासून बरोबरची खूण करून पुढे गेले होते. मुलीला लिंगाचा घोळ असता, तर तो तिथंही व्हायला हवा होता. ‘आई जातो’ असं तिनं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मैत्रीण येते, आजी सांगते, ताई रडते. आणि फक्त स्वतःबद्दल बोलताना उठतो, जातो, पितो. प्रत्येक वेळी, एकदाही न चुकता. इतकी नेमानं होणारी गोष्ट चूक नसते, तो नियम असतो. व्याकरण तिला येत होतं. ते माझ्या पुस्तकातलं नव्हतं, एवढंच.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात हे मराठी माणसाला ऐकून माहीत असतं. आपण त्यावर विनोद करतो आणि सोडून देतो. गडहिंग्लजचा शेजार पाहिला, तर त्यात विनोदापेक्षा जास्त काही सापडतं. तिथून कर्नाटकाची हद्द जवळ आहे, आणि अनेक घरांत मराठीबरोबर कन्नडही चालते. कन्नडमध्ये ‘नानु होगुत्तेने’ म्हणजे मी जातो किंवा मी जाते; बाई बोलो की पुरुष, रूप एकच. तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचं झालं, की मात्र ‘अवनु होगुत्ताने’ आणि ‘अवळु होगुत्ताळे’ असे दोन वेगळे शब्द येतात. म्हणजे ‘मी’ला भेद नाही, ‘तो’ आणि ‘ती’ला आहे. या मुलीच्या पेपरात हीच रचना जशीच्या तशी होती. दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या एका अंगणात राहिल्याचा तो ठसा, आणि तो न्यूजर्सीच्या चर्चच्या तळघरापर्यंत येऊन पोचला होता. आम्ही दर वर्षी ‘वारसा दिवस’ साजरा करतो. लेझीम, फेटे, शिवाजी महाराजांच्या पोशाखातली चार-पाच मुलं. त्यात एवढी जुनी वस्तू कुणी आणलेली मला आठवत नाही.

‘शुद्ध’ मराठी ही देवानं दिलेली नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. शाळा, छापखाना आणि सरकारी परीक्षा यांना एका ठरावीक मराठीची गरज होती, आणि पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली हाताशी होती. ती प्रमाण ठरली. त्यात वाईट काही नाही, कुठली तरी ठरवावीच लागते. पण प्रमाण या शब्दाच्या जागी आपण सर्रास ‘शुद्ध’ म्हणतो, आणि मग उरलेल्यांच्या तोंडी आपोआप अशुद्ध येतं. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या वर्गात पेढे वाटले होते. त्या वेळीही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शुद्ध मराठी बोलू या’. अक्षर माझंच.

आता सुधारायचं कसं? मी आधी जे केलं ते फसलं, आणि ते सांगायला हवं.

माझा पहिला विचार होता आजींना पत्र लिहून माफी मागायचा. आईनं हात जोडले. ‘‘तिला वाटेल, तिच्या बोलण्यावरून शाळेत मीटिंग झाली.’’ ते बरोबरच होतं. मग मला सुचलं, की आजींनाच वर्गात पाहुण्या म्हणून बोलवावं. व्हिडिओवर, पडद्यावर मोठं दिसेल असं. त्यांनी त्यांच्या गावाबद्दल बोलावं, मुलांनी ऐकावं, म्हणजे मान राहील. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ते केलं. आजी इरकल नेसून, केसांत गजरा माळून, पाठीमागे देव्हारा येईल अशा बसल्या. तिकडे रात्रीचे साडेसात वाजले होते. आणि त्या बोलू लागल्या, ‘‘नमस्कार मुलांनो. मी येथे गडहिंग्लज तालुक्यात राहते. मी रोज सकाळी पाच वाजता उठते.’’

राहते. उठते. एकेक शब्द तोलून, आकाशवाणीच्या बातम्यांसारखं. ‘इथं’ नाही, ‘येथे’. मुलं तीन मिनिटांत कंटाळली. मी त्यांच्या बोलण्याला जागा करून द्यायला निघाले होते, आणि त्यांना माझ्यासमोर तोंडी परीक्षेला बसवलं होतं. शेवटी त्या मला म्हणाल्या, ‘‘बाई, काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.’’ आमच्याकडे मुलं मला टीचर म्हणतात. बाई म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. मुलगी माझ्याकडे न बघता पेन्सिलचं टोक खरवडत होती.

त्यानंतर मी काही करणं थांबवलं. निदान आजींसाठी काही करणं. बदललं ते वर्गात, आणि तेही मोठं काही नव्हे.

लाल पेन ठेवून दिलं. फळ्यावर मधोमध रेघ मारून एका बाजूला ‘पुस्तकात’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आमच्या घरी’ असं लिहायला सुरुवात केली. एखादा शब्द मुलाकडून वेगळा आला, की आधी विचारायचं, असं घरी कोण म्हणतं? उत्तर ‘कुणीच नाही, मला वाटलं’ असं आलं, तर ती चूक, सुधारायची. ‘मी भूक आहे’ कुणाचीही आजी म्हणत नाही. आणि कुणी म्हणत असेल, तर शब्द उजव्या बाजूला जायचा, म्हणणाऱ्याच्या गावासकट. दोन-तीन रविवारांत उजवी बाजू भरू लागली. नागपूरकडच्या मुलानं ‘बाबा काम करून राहिले’ आणलं. जळगावकडच्या घरातून कानबाई आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते ती. आमच्या सणांच्या तक्त्यावर तिचं नावही नव्हतं. सावंतवाडीच्या बाबांनी सांगितलं, की त्यांच्याकडे लहान मुलगी म्हणजे ‘चेडू’, आणि चेडू ‘तां’ असतं, नपुंसकलिंगी. ते ऐकून वर्गात जो गोंधळ झाला, त्यानंतर ‘मी जातो’चं कुणाला काही वाटेनासं झालं. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं सर्वेक्षण करून नकाशे आणि ध्वनिमुद्रणं खुली ठेवली आहेत. मोठ्या मुलांना त्यातले तुकडे ऐकवले. आपल्या आजीसारखं बोलणारी अनोळखी बाई कॉम्प्युटरमधून बोलते, याचं त्यांना फार अप्रूप.

एका बाबांनी आक्षेप घेतला, आणि तो खोटा नाही. ‘‘इथं एक मराठी धड येत नाही, तुम्ही दोन कुठून काढता?’’ माझं उत्तर त्यांना पटलं नाही, पण तेच आजही माझं मत आहे. बोली मी कुणाला शिकवत नाही. पुण्याच्या घरातल्या मुलीनं गंमत म्हणून ‘मी जातो’ सुरू केलं, तेव्हा तिला थांबवलंच. जी घरून आली आहे, तिला दाराबाहेर उभं करत नाही, एवढंच. आणि परीक्षेत प्रमाण मराठीच लिहायची, हेही मुलांना स्वच्छ सांगते. शाळेत शिक्षकांशी एक इंग्रजी आणि मित्रांना मेसेज करताना दुसरी, हे या मुलांना सातव्या वर्षापासून जमतं. मराठीतच त्यांना जमणार नाही, हे आपणच ठरवतो.

आजींचं काय झालं, ते माझ्या हातून झालं नाही. मेच्या शेवटी पुस्तकात पोळ्याचा धडा होता. मुलगी म्हणाली, आमच्याकडे पोळा नसतो, बेंदूर असतो. इतके आठवडे गप्प असलेली ती आपणहून बोलली. उजव्या बाजूला ‘बेंदूर’ लिहिलं. कधी असतो, बैल कसले असतात, काय विचारलं तरी ‘माहीत नाही’. मग मी गृहपाठ दिला, माहिती काढून आण. कुणाकडून, ते सांगितलं नाही.

पुढचं आईनं सांगितलं, थोडं तिच्या फोनमधल्या चित्रीकरणात मी पाहिलं. महाराष्ट्रातला बेंदूर आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे आमची सुट्टी चालू असताना. मुलीनं क्राफ्टच्या दुकानातून हवेवर वाळणारी पांढरी माती आणली होती. तिकडे आजी जमिनीवर पाट मांडून शेतातली काळी माती मळत बसलेल्या. फोन तांब्याला टेकवलेला, त्यामुळे अर्ध्या पडद्यावर नुसता तांब्या. आज ना इरकल ना देव्हारा. आजी हातानं दाखवत होत्या: आधी पोटाचा गोळा, मग चार पाय ओढून काढायचे, वशिंड वेगळं लावायचं नाही, त्याच मातीतून वर चिमटून काढायचं, नाही तर वाळल्यावर गळून पडतं. मुलीनं ते वेगळंच लावलं होतं. ‘‘पडंल ते,’’ आजी म्हणाल्या. नाही पडणार, मुलगी म्हणाली, ही माती अमेरिकन आहे. शिंगं कशाची करायची यावर दोघींचं बराच वेळ चाललं. शेवटी आजींनी तुराटीचे तुकडे खोचले, आणि मुलीनं टूथपिक. तेवढ्यात तिकडे कुणी तरी दार वाजवलं. आजी मातीचे हात तसेच घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘थांब, मी आलो.’’

मुलगी तांब्याकडे बघत थांबली. सुधारलं नाही. आईचं म्हणणं, तिनं ते ऐकलं. मला चित्रीकरणात तसं ठामपणे दिसत नाही. ती टूथपिक सरळ करत होती.

वशिंड तिसऱ्या दिवशी गळून पडलं.

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाला, तेव्हा फॉर्म बदललेला होता. ‘घरात मराठी बोलता का?’च्या जागी आता ‘मुलाशी मराठीत कोण बोलतं? ते कुठल्या गावचे?’ असे दोन प्रश्न आहेत. निम्मे पालक दुसरा मोकळा सोडतात. एका आईनं तिथं लिहिलं होतं, ‘आम्ही शुद्ध बोलतो’.

सगळं जागेवर आलं असं मला म्हणता येणार नाही. मुलीची आई अजूनही ‘आलो’ म्हणू शकत नाही. एकदा मुद्दाम म्हणून पाहिलं, तर आईशीच खोटं बोलल्यासारखं झालं, म्हणाली. आजी माझ्याशी बोलताना आजही ‘येथे’ म्हणतात. आणि वर्गात त्या दिवशी हसलेल्या मुलांपैकी दोघांच्या घरी आज्या नाहीतच. त्यांच्यासाठी फळ्याची उजवी बाजू रिकामीच राहते. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

ऑक्टोबरात आजी इकडे आल्या. एका रविवारी वर्गात मागच्या बाकावर स्वेटर घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मुलीची वाचायची पाळी आली. धड्यातली मुलगी नदीवर जाते, त्यात ‘मी जाते’, ‘मी बघते’ असं बरंच होतं. तिनं सगळं नीट वाचलं, एकही ‘ते’ न चुकता. पुस्तक मिटून ती उठली, बाकांमधून मागे गेली.

‘‘आजी, मी पाणी पिऊन येतो.’’

आजींनी पटकन माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून हजेरी भरत होते.